सशाच्या रंगाची लोकर

“तो रंग तर संपला, बाई,” रहेमानभाई म्हणाला. “तुमच्याच दिरानं नेला ना मंगळवारी, आर्णीच्या मास्तरानं. होत्या तेवढ्या लड्या घेऊन गेले. मले वाटलं, तुमच्यासाठीच नेऊन राह्यले.”

“हो, माझ्यासाठीच,” कुंदा म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की आपण खोटं बोललो, आणि तेही अशा माणसाशी की ज्याला या खोट्याचं काडीचं देणंघेणं नव्हतं. पण एकदा हो म्हटलं की निभावणं आलं. ती काउंटरवरच्या बटणांच्या बरण्यांकडे पाहत उभी राहिली. तिला फार लोकर नकोच होती. दुसऱ्या मोज्याचा एक कान तेवढा राहिला होता, अर्धी लडीसुद्धा पुष्कळ झाली असती. करडी, उन्हात धरली तर किंचित तपकिरी दिसणारी ही लोकर यवतमाळात कुणी मागत नाही. गिऱ्हाइकाला लाल हवी, गुलाबी हवी, फार तर पोपटी. रहेमानभाईने ती नागपूरहून खास तिच्यासाठी मागवली होती आणि ‘सशाच्या रंगाची’ हे नावही त्यानेच ठेवलं होतं. रिकाम्या हाताने दुकानाची पायरी कशी उतरायची, म्हणून तिने पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ घेतलं. घरात तसली रिळं पडून होती.

रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती. बैल जागच्या जागी रवंथ करत होते, गाडीवान कापसावरच आडवे झाले होते. या दिवसांत सगळ्या गावात कापूस उडतो, तारांवर बसतो, केसांत अडकतो, आणि बाजारातून घरी आल्यावर पदरावरचा कापूस वेचत बसणं हा बायकांचा एक उद्योगच होतो. कुंदा आज पदर झटकत नव्हती. नरहरभावजींनी लोकर आपल्यासाठीच घेतली असेल, हा तिचा पहिला विचार, आणि त्या विचाराची तिला स्वतःलाच लाज वाटली. ज्या माणसाला बायकोने दहादा बजावल्याशिवाय बाजारातून लिंबू आणायचं सुचत नाही, तो वहिनीसाठी लोकर घेणार? बरं, घेतली तर द्यायला आला असता. मंगळवारी तो यवतमाळात आला आणि घरी आला नाही. असं कधी झालं नव्हतं. नरहर आला की ओसरीवर चप्पल काढायच्या आधीच ‘वहिनी, चहा’ म्हणून ओरडायचा, आणि तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय आर्णीची बस त्याला चालायची नाही. म्हणजे तो तोंड चुकवून गेला. म्हणजे त्याला माहीत होतं की आपण काय नेतो आहोत. म्हणजे ती लोकर त्याच्या बायकोसाठी, शोभासाठी होती, शोभा मोजे विणत होती, आणि शोभा मोजे विणत असेल तर मग सगळंच संपलं. एवढी साधी गोष्ट, पण ती एका दमात मनात आणायला कुंदाला चौकापर्यंत चालावं लागलं.

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. आईनं आपल्या होणाऱ्या लेकरासाठी मोजे विणले, यात संपायचं काय? पण त्यांच्या घरात ती रीत होती. सासूबाईंच्या माहेरी मुलं देण्याघेण्याचं पूर्वीपासून चालत आलेलं, थोरलीची ओटी रिकामी असली की धाकटीने ती भरायची, आणि त्यासाठी सासूबाईंचा एक नियम होता. “द्याचं लेकरू असलं तं देणाऱ्या मायनं त्याच्यासाठी टाका घालू नाही,” त्या सांगत. “दुपटं नाही, टोपडं नाही, काही नाही. हात गुंतला की जीव गुंतते. पहिलं कापड घेणारीच्या हातचं चढलं पाहिजे.” म्हणून तर कुंदाला विणायचा अधिकार मिळाला होता. एरवी बाळ जन्माला यायच्या आधी कुणी काही करून ठेवत नाही, आणि तिच्यासारखीने तर करूच नये. तीनदा ज्या बाईची कूस भरून रिकामी झाली, तिने लोकर हातात घेतली की शेजारणींच्या भुवया वर जायच्याच. पण या वेळी ती विणत होती ते हक्काने. शोभाच्या पोटातलं पाचवं तिचं होतं. ते ठरलं होतं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.

त्या दिवशी शोभाची चौघंही यवतमाळला आली होती. लाकडी नंदीबैल ओढत, घरोघर बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत फिरत होती, आणि सगळ्या आळीत चाकांचा खडखडाट चालला होता. कुंदाच्या घरातही एक नंदी होता. पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिच्या नवऱ्याने, सदाशिवने, हौसेने करून घेतलेला. तो शोभाच्या मधल्याने माळ्यावरून काढला, त्याची धूळ आपल्याच सदऱ्याने पुसली आणि विचारलं, “काकू, हा कोणाचा?” कुंदा म्हणाली, “तुझाच घे.” सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, “शोभे, यंदाचं कुंदाच्या ओटीत घालजो. तुले चार आहेत.” शोभा पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. सासूबाईंनी नारळ आणून कुंदाच्या ओटीत घातला, सदाशिव बाहेर जाऊन उगाच नळ चालू आहे का बघून आला, आणि गोष्ट ठरली. या घरात सुनेनं सासूला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. नाही म्हणायचं असलं की सून गप्प राहायची, आणि हो म्हणायचं असलं तरी गप्पच राहायची. कुठलं गप्प कुठलं, ते ज्याने त्याने आपल्या सोयीने ओळखायचं. कुंदाने आपल्या सोयीने ओळखलं होतं. आता बंड्यांच्या रांगेच्या कडेने चालताना तिला शोभाची पाठ आठवत होती. लाटणं थांबलं नव्हतं, पण ती पोळी जरुरीपेक्षा जास्त वेळ लाटली जात होती, इतकी की ती फाटली. हे तिने तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं आणि पुरण जास्त झालं असेल म्हणून सोडून दिलं.

गल्लीच्या तोंडाशी जैबुनबी दारात बसून टोपी विणत होती. तिचा नवरा अय्यूब शिलाईची यंत्रं दुरुस्त करायचा आणि ती क्रोशाच्या सुईने पांढऱ्या जाळीच्या टोप्या करायची. कुंदाला साखळी, खांब, मुका खांब सगळे टाके तिनेच शिकवलेले. टोपी जिथून सुरू होते तिथूनच मोजाही सुरू होतो, फक्त गोल लवकर थांबवायचा, हे तिचं म्हणणं. सशाची कल्पना कुंदाची. नुसते मोजे काय कुणीही करील; तिला वरच्या बाजूला दोन कान हवे होते, उभे राहणारे, म्हणजे बाळाने पाय हलवले की कान हलतील. जैबुनबीने कानही बसवून दाखवले. पण डोळ्यांची वेळ आली तेव्हा तिने मोजा कुंदाच्या मांडीवर ठेवला. “डोळे तुम्ही टाका, बाई. जानदाराचं तोंड आमच्यात काढत नाहीत. काढलं तं कयामतच्या दिवशी अल्लामियाँ म्हणतीन, आता घाल याच्यात जीव. मी कुठून घालू जीव?” आणि मग, कुंदा सुईत काळा दोरा ओवायला लागली तेव्हा, तिनेच हात धरला. “आता नका टाकू. लेकरू येऊ द्या. बिनडोळ्याचं हाय तवर पुरं झालं नाही. पुऱ्या झालेल्या चीजेले नजर लागते.” कुंदाला ते पटलं होतं. शकुनाच्या बाबतीत ती कुणाचंही ऐकायची. हिंदूंचे सगळे करून झाले होते.

“मिळाली का लोकर?” जैबुनबीने विचारलं.

“संपली.”

“मग आणवा नं नागपूरहून. एका कानासाठी काय अडते?”

“अडते,” कुंदा म्हणाली आणि पुढे गेली. मागून जैबुनबीची सुई थांबल्यासारखं तिला वाटलं, पण ती वळली नाही.

घरात शिरल्यावर तिने पिशवीतून मोजे काढले. दोन मोजे, तीन कान. तिने त्यात दोन दोन बोटं घातली आणि ती पाटावर चालवून पाहिली. हा तिचा रोजचा चाळा होता, दुपारी कुणी नसताना. पायांचा तिला लळा होता. म्हणजे वेड होतं, उगाच सोज्वळ शब्द कशाला. पहिली दोन मुलं तिला नीट दाखवलीच नव्हती, पण तिसरा जगला होता, नाव ठेवण्याइतका जगला होता. सासूबाईंनी त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवलं, भांडी घासणाऱ्या धुरपताबाईने त्याला उचललं, आणि सूपभर ज्वारी देऊन सासूबाईंनी तो तिच्याकडून विकत घेतला. म्हणजे हे पोर या घरचं नाहीच, टाकलेलं आहे, याच्यावर डोळा ठेवण्यात अर्थ नाही, अशी वर समजूत घालायची. म्हणून नाव उकंडा. एवढं सगळं नाटक केलं आणि वरचा काही फसला नाही. ते दिवस पौषाचे होते. उकंडाचे पाय गार पडायचे. बाकी अंग ऊन, पोट ऊन, आणि पाय तेवढे गार. कुंदा ते तळहातात धरून बसायची, श्वासाने फुंकायची, सदाशिवच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायची, आणि पट्ट्या सुटायच्या. त्या पायांना मोजे असते तर तो जगला असता, असं म्हणण्याइतकी ती खुळी नव्हती. पण पट्टी सुटून पाय उघडा पडला की तिला जे वाटायचं, ते इतक्या वर्षांनी अजून तसंच वाटत होतं, आणि ज्याचे पाय ऊब धरतील असं एक पोर हातात आल्याशिवाय ते थांबणार नव्हतं. उकंडाला न्यायला माणसं आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, “नेऊ?” कुंदा गप्प राहिली होती. आणि त्यांनी नेलं. तेव्हा ते गप्प कुठलं होतं, हे कुणी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

सदाशिव कचेरीतून आला, पाय धुतले, जेवायला बसला. तो कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होता आणि याच खुर्चीवरून मी तीन राज्यं पाहिली, असं तो पाहुण्यांना सांगे: मध्यप्रदेश गेला, मुंबई आली, मुंबई गेली, महाराष्ट्र आला, पाट्या बदलल्या, खुर्चीचा तुटका हात मात्र तोच. तो स्वभावाने गरीब माणूस होता. गरीब माणसांचा एक दोष असतो, त्यांना कुणाचंच मन मोडवत नाही, आणि मग जो जवळ असतो त्याचं आपोआप मोडतं.

“भावजी आले होते मंगळवारी?” तिने भाकरी वाढत विचारलं.

“हं.”

“कचेरीत?”

“हं. बसला होता जरा वेळ.” त्याने घास घेतला. “वरण वाढ.”

तिने वरण वाढलं. तो मान खाली घालून कालवत राहिला.

“शोभाचं मन नाही म्हणे,” तो म्हणाला. “रडत बसते म्हणे. लोकर पाहिजे म्हणून हट्ट धरला. नरहर म्हणे, दादा, मी काय करू? मी म्हटलं, बघू.”

“बघू?”

“मग काय म्हणणार होतो? तिच्या पोटात आहे ते.”

“मग मला का नाही सांगितलं?”

सदाशिवने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. “तू मोजे करत होतीस,” तो म्हणाला.

तिला आधी त्याचा संताप आला, इतका की हातातला डाव त्याच्या ताटात आपटावा असं वाटलं. मग तिला मंगळवारची, बुधवारची, कालची संध्याकाळ दिसली. आपण कंदिलाशी बसून टाके मोजतो आहोत, मधेच मोजा उंच धरून ‘अहो, बघा, कान उभा राहिला’ म्हणतो आहोत, आणि समोर हा पेपर धरून बसला आहे, सगळं माहीत असून, ‘छान’ म्हणतो आहे. तिला नवऱ्याची कीव आली आणि स्वतःची घृणा. तिने त्याला ताक वाढलं.

पण माणूस आशा सोडतो म्हणजे काय करतो? ती काही हातातल्या भांड्यासारखी खाली ठेवता येत नाही. पुढच्या दिवसांत कुंदा विणत नव्हती, पण हिशेब करत होती. सासूबाई बाळंतपणासाठी आर्णीला गेल्या होत्या. त्यांचा शब्द अजून मागे घेतलेला नव्हता. शोभा रडली असेल, बायका रडतात, पहिल्यांदा सासरी जाताना रडतात तशा. म्हणून का जायचं थांबतं? चार आहेत तिला. चौघांच्या नाकांतून शेंबूड वाहत असतो, एकाचा सदरा दुसरा घालतो, मधला तर गेल्या दिवाळीत कुंदाला बिलगून म्हणाला होता, काकू, मी तुझ्याकडेच राहू? तिने मनातल्या मनात शोभाशी भांडणं केली, त्यांत ती नेहमी जिंकली. दिवाळीला शोभाने ते मोजे हातात घेतले होते, बोटं घालून पाहिली होती आणि ‘वहिनी, कान कसे करतात हो?’ असं विचारलं होतं. कुंदाने तिला शेजारी बसवून दाखवलं होतं, उत्साहाने, दोनदोनदा उसवून. आपल्याच हाताने आपण तिला वाट दाखवली, असं आता कुंदाला वाटायचं, आणि मग पुढच्याच क्षणाला वाटायचं की नाही, सासूबाई आहेत, सासूबाई बघतील.

पौष लागला आणि आर्णीच्या बसचा कंडक्टर धरमसिंग निरोप सांगून गेला: मुलगा झाला, दोघं खुशाल, बारशाला या. सदाशिवला रजा नव्हती, किंवा त्याने मागितली नाही. कुंदा एकटी गेली. पिशवीत दुपटं, टोपडं, डिंकाचे लाडू आणि तळाशी ते मोजे होते. मोजे कशाला घेतले, ते तिने स्वतःला विचारलं नाही. बसमध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर एक पोर झोपलं होतं, त्याचे पाय उघडे होते, आणि कुंदा सगळी वाट खिडकीबाहेर तुरीचे वाळत चाललेले पट्टे बघत होती.

नरहर तिला पाहून ‘या वहिनी’ म्हणाला आणि दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पळाला. बाळंतिणीच्या खोलीत अंधार आणि शेपेचा धूर होता. शोभा खाटेवर बसली होती, फिकट, डोक्याला फडकं बांधलेली. बाळ तिच्या कुशीत होतं. कुंदाने आधी पायच पाहिले. करड्या लोकरीचे मोजे होते, टाके कुठे घट्ट कुठे ढिले, एक मोजा दुसऱ्याहून मोठा, आणि कान आडवे पडलेले. डोळे मात्र होते. काळ्या मण्यांचे चार डोळे, टक लावून बघणारे. ते घट्ट, पक्के शिवलेले होते. शोभाला नजरेची भीती वाटली नव्हती, किंवा तिला दुसरी मोठी भीती होती.

“वहिनी,” शोभा म्हणाली, “कान उभे नाही राहत. बघता का जरा?”

कुणाला वाटेल की ती टोचून बोलत होती. तसं नव्हतं. तिला खरंच कान जमले नव्हते आणि यवतमाळ-आर्णीच्या टापूत ते जमणारी बाई तिला एकच माहीत होती. तिने बाळाच्या पायांतून मोजे काढले आणि क्रोशाची सुई पुढे केली. कुंदा खाटेच्या कडेवर बसली. तिने कान उसवले, खालचा टाका मुक्या खांबाने दोनदा घट्ट केला, आणि परत विणायला घेतलं. हात आपोआप चालत होते. शेजारी बाळाचे पाय उघडे होते, लाल, सुरकुतलेले. ते ऊन आहेत का, हे पाहायला हात लावावासा वाटत होता आणि हातात सुई होती म्हणून बरं झालं असं तिला वाटलं.

“वहिनी, मी तेव्हा काही बोलले नव्हते,” शोभा अगदी हळू म्हणाली.

“नव्हतीस बोलली.”

“म्हणून सांगून राह्यली. मी हो नव्हतं म्हटलं.”

कुंदाने दोरा तोडला. चारही कान उभे राहिले. तिने मोजे शोभाच्या हातात दिले. ‘मग आधी का नाही सांगितलंस’ हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, पण शोभाने उलटून विचारलं असतं, कुणाला सांगायचं, कसं सांगायचं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे सासूबाई घुगऱ्यांना फोडणी देत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

“रडगाणं गायलं ना तिनं? गाऊ दे,” त्या म्हणाल्या. “मी बोलली ते बोलली. पाळण्यापाशी तुलेच उभी करतो. पोरगं तुह्या हाती आलं की परत देऊ नको. पदराखाली घे अन् सरळ आतल्या खोलीत जाय. दाराची कडी लाव. गावच्या बायांसमोर ते बोलणार नाही.”

“आणि बोलली तर?”

“आजपर्यंत बोलली का? चौघांची माय आहे, चार दिवस रडीन, पाचव्या दिवशी विसरीन. तू नाही विसरली, कारण तुले मागं कोणी नव्हतं.” सासूबाईंचा आवाज जरा ओला झाला आणि त्यांनी रागाने झारा आपटला. “मले का तुह्या सुन्या हाताकडं पाहून सुख लागते?”

हे त्या खरं बोलत होत्या. इतक्या वर्षांत त्या तिला कधी वांझोटी म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी तिच्यासाठी नवस केले, उकिरडा केला, आणि आता त्या तिच्यासाठी चोरी करायला तयार होत्या. कुंदाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ती काहीच बोलली नाही. सासूबाईंनी ते आपल्या सोयीने ओळखलं.

बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला टोपडं घालून तोच पाळण्यावरून खालून फिरवला, बायका हसल्या, कुणीतरी म्हणालं, हा तर बापासारखाच ठोंब्या आहे. एका बाजूला शोभा, दुसऱ्या बाजूला कुंदा. कुंदाला तिथे पाहून दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण सासूबाई समोर उभ्या होत्या. मग बाळ आणलं. “गोविंद घ्या,” शोभा म्हणाली. तिचा आवाज फुटला नव्हता. तिने बाळ पाळण्यावरून पुढे केलं आणि कुंदाच्या हातात दिलं.

ते जड होतं. एवढं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. उकंडा असा नव्हता, तो हातात आहे की नाही ते पाहावं लागायचं. तिने त्याला छातीशी घेतलं. मोज्यांतून पायांची ऊब तिच्या पोटाला लागली. आतल्या खोलीचं दार तिच्या पाठीशी होतं, उघडं. समोर सासूबाईंनी डोळ्यांनीच खूण केली. शोभाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. दार तिलाही दिसत होतं. ती ओरडली नाही. ‘द्या’ म्हणाली नाही. तिने फक्त रीतीप्रमाणे पाळण्याखालून हात पुढे केले आणि ते तसेच धरून ठेवले. तिचं तोंड पोळ्या लाटताना जसं असेल तसं होतं. त्या दिवशी कुंदाला पाठच दिसली होती. आज ती समोरून पाहत होती, आणि हे गप्प कुठलं आहे ते तिला आता कुठल्याही सोयीने ओळखता येत नव्हतं. तिला शोभाची दया आली असं नव्हे. उलट तिचा मत्सर वाटत होता, तिच्या पदरावरचे सांडलेल्या दुधाचे डाग, तिची चार पोरं, तिचे ते ढिले टाके, सगळ्याचा. मोठेपणा करायची तिला अजिबात इच्छा नव्हती. तिला ते पोर हवं होतं. पाऊल मागे टाकायचं, बस्स. पाऊल उचललं जात नव्हतं. ‘नेऊ?’ असं सासूबाईंनी एकदा तिलाही विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता उकंडाला नेलं होतं.

“अहो काकू, पुढं द्या ना,” एक बाई म्हणाली.

कुंदा वाकली. “गोपाळ घ्या,” ती म्हणाली, आणि बाळ पाळण्याखालून शोभाच्या हातात दिलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. रीत अशी की बाळ एकदाच फिरवत नाहीत. पुन्हा वरून द्यायचं, पुन्हा खालून घ्यायचं. कुंदाने हात पुढे केले. शोभाने बाळ पाळण्याशी आणलं, पाळण्याच्या काठापर्यंत आणलं, आणि तिथून मागे घेतलं. तिने ते दोन्ही हातांनी आवळून छातीशी धरलं, हनुवटी त्याच्या टोपड्यावर टेकवली आणि नकाराची मान हलवली.

“अगं दे की! रीत आहे,” बायका हसत म्हणाल्या. “काकू आहे ते, खाते का?”

शोभा हसली नाही. तिने दिलं नाही. कुंदाचे हात पाळण्यावर तसेच पसरलेले होते, तळवे वर करून, आणि सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मग कुणीतरी म्हणालं, “राहू द्या आता, उशीर होते. नाव ठेवा.”

कुंदाने हात मागे घेतले.